खोटी हिरवी खूण

मी ईमेल पाठवणारा कोड लिहिते, असं सांगितलं की समोरचा माणूस आपला मोबाईल वर करून दाखवतो. "जाते की यावरून." जाते. पण बँकेचा निरोप, रेल्वेचं तिकीट, शाळेच्या फीची पावती, लॅबचा रिपोर्ट, या मेल कोणी बोटांनी टाइप करून पाठवत नसतं. त्या एखाद्या प्रोग्रॅममधून आपोआप जातात आणि त्या प्रोग्रॅमच्या पोटात मेल पाठवण्याचं काम करणारा एक तयार तुकडा बसवलेला असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. पुस्तकांशी संबंध नाही. तसा एक तुकडा माझा आहे. म्हणजे मी तो लिहिला, पुण्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यात भर घातली आणि आम्ही दोघांनी तो ओपन सोर्स म्हणून इंटरनेटवर ठेवला. कोणीही न्या, उघडून बघा, वापरा, बदला. पैसे नाहीत. आमच्या घरात याला "आईचं समाजकार्य" म्हणतात आणि म्हणताना हसतात.

समाजकार्य वगैरे काही नाही. मला एका लॅबसाठी असा कोड हवा होता, मनासारखा मिळाला नाही, म्हणून लिहिला. लॅब इथेच, नाशिकमध्ये आहे. तिथली संगणकाची सगळी कामं मी बघते. द्राक्षबागेतून नमुना येतो, फवारलेल्या औषधांचे अंश त्यात किती राहिलेत ते तपासतात आणि रिपोर्ट शेतकऱ्याला मेलवर जातो. शेतकऱ्याने ती मेल आपल्या एक्स्पोर्टरला पुढे पाठवायची. रिपोर्ट बघितल्याशिवाय एक्स्पोर्टर तोडणीची टोळी पाठवत नाही. घड तयार, गोडी भरलेली आणि रिपोर्ट नाही, तर बाग नुसती उभी राहते. ऊन वाढलं की मणी मऊ पडतात आणि मऊ मणी परदेशी जात नाही.

रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर का टाकत नाही, हे मला दर हंगामात कोणीतरी विचारतं. टाकत होते. मग कोणीतरी दुसऱ्याच्या रिपोर्टवर आपलं नाव चढवून तो फिरवला. तेव्हापासून एक्स्पोर्टर लॅबच्या पत्त्यावरून निघून पुढे आलेल्या मेलशिवाय काही मानत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून आमच्या लायब्ररीचा एक कडक नियम पहिल्यापासून आहे. लॅबच्या पडद्यावर प्रत्येक मेलसमोर एक खूण उमटते, हिरवी किंवा लाल. मेल ज्याला जायची त्याच्या बाजूच्या सर्व्हरने "घेतली" असं उत्तर दिलं तरच हिरवी. मधे कोणी नाही. आमचा कोड थेट समोरच्या दारापर्यंत जातो. दार उघडलं नाही तर लाल, आणि का उघडलं नाही ते बाजूला लिहिलेलं. लाल दिसली की काउंटरवरचा माणूस शेतकऱ्याला फोन लावतो. हिरवी दिसली की पुढच्या कामाला लागतो. तिच्या भरवशावर माणसं निर्धास्त होतात, म्हणून ती खोटी असून चालत नाही. एवढंच माझं तत्त्वज्ञान आहे आणि त्यासाठी मला हट्टी म्हणतात.

दिवाळीनंतर एका मोठ्या कंपनीकडून आमच्याकडे एक बदल आला. ओपन सोर्समध्ये अशी पद्धत असते: बाहेरच्या कोणीही कोड लिहून पाठवायचा, तो घ्यायचा की नाही हे सांभाळणाऱ्यांनी ठरवायचं. सांभाळणारे म्हणजे आम्ही दोघं. ही कंपनी क्लाउडवरून मेल पाठवण्याची सेवा विकते. तुम्ही मेल तिच्या हवाली करायची, पुढे पोचवायचं काम तिचं. कसं पोचवते, काय अडवते, काय टाकून देते, ते बघायची सोय नाही. तो कोड त्यांचा, कुलपात. कंपनीला आमच्या लायब्ररीत एक जोडणी हवी होती, म्हणजे आमचा तुकडा वापरणाऱ्या कोणालाही सेटिंगमध्ये एक ओळ बदलून त्यांच्या सेवेवर जाता येईल.

बदलासोबत गोड गोड मजकूर होता. आम्ही किती महान काम करतो, समाजाचं आमच्यावर कसं प्रेम आहे. मी मजकूर सोडून कोड वाचला. नीटनेटका होता. आणि मधोमध एक ओळ होती: कंपनीने मेल ताब्यात घेतली की हिरवी खूण लावा.

समोरच्या माणसाने घेतली की नाही, याचा पत्ता नाही. कंपनीने घेतली, लावा हिरवी!

मी आक्षेप लिहिला. मग कंपनीतल्या मुलीचा फोन आला. मराठीच होती, बोलायला चांगली.

"मॅम, इंडस्ट्रीत सगळे असंच करतात."

"सगळे म्हणजे तुमच्यासारख्याच कंपन्या ना?"

ती हसली. "एखादी मेल अडली तर आमच्या डॅशबोर्डवर दिसतं ना."

"तो डॅशबोर्ड कोणाला दिसतो?"

"अकाउंट ज्यांच्या नावावर असेल त्यांना."

"आणि काउंटरवर बसलेल्या माणसाला?"

"त्यांना वेगळं लॉगिन देता येतं. वरच्या प्लॅनमध्ये."

मी म्हटलं, बाई गं, वस्तू तुमची, ठेवायची माझ्या घरात, बिघडली तर शिव्या मी खायच्या, आणि उघडून बघायची मला परवानगी नाही. वर खरं-खोटं कळायलाही वरचा प्लॅन घ्यायचा? ती म्हणाली, "मॅम, मी तुमचा फीडबॅक टीमला देते." फीडबॅक टीमला दिला की तो कुठे जातो, तेही त्यांच्या डॅशबोर्डवर दिसत असेल.

पुण्याचा सहकारी मात्र खुश होता. आमची ओळख नोकरीच्या पहिल्या वर्षापासूनची, त्यामुळे एकमेकांना वाटेल ते बोलतो.

"अगं, आपल्या चिमुकल्या सर्व्हरवरून गेलेल्या मेलकडे मोठे मेलवाले संशयाने बघतात. निम्म्या लोकांना त्याचाच त्रास आहे. त्यांना हे हवंय. आपण नाही म्हटलं तर दुसरी लायब्ररी घेतील."

"घेऊ देत."

"हेच तुझं! दुकान काढायचं आणि गिऱ्हाईक आलं की शटर ओढायचं."

"दुकान कुठलं? फुकट देते मी."

"मग तर गिऱ्हाईक जास्तच हवं."

त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं नाही. लहान सर्व्हरला मोठे लोक दारात उभं करत नाहीत, हे मी रोज बघते. क्लाउड कंपन्यांशी माझं काही वैर नाही. ज्याला वापरायच्या त्याने खुशाल वापराव्यात. मी एवढंच म्हणत होते, जे तुम्हाला माहीत नाही ते माहीत आहे असं माझ्या कोडच्या तोंडून वदवू नका. ती खूण पिवळी करा, "कंपनीकडे दिली, पुढचं ठाऊक नाही" असं लिहा आणि आत या. कंपनी म्हणाली, पिवळ्याने लोक घाबरतात. अर्थात घाबरतात. घाबरून फोन करतात. तेच तर हवंय.

आमच्यात एक रीत होती की दोघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी बदल आत जात नाही. कागदावर नव्हती, पण होती. मी भाचीच्या लग्नाला हरसूलला गेले. तिथे फोनला रेंज मिळाली तर मिळाली. परत येऊन बघते, तर पुण्याच्या स्वारीने जोडणी आत घेतलेली, नवी आवृत्ती बाहेर काढलेली आणि खाली इंग्रजीत ओळ: पुढील आक्षेप न आल्यामुळे स्वीकारले. पुढील! पहिल्या आक्षेपाचं निरसन केलं नव्हतं कोणी, आणि पुढचा कुठून येणार? मांडवात जेवणाच्या पंगती वाढताना मी लॅपटॉप उघडून बसायला हवं होतं का?

फोनवर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तो शांतपणे म्हणाला, "आता लोक वापरायला लागले. काढलं तर त्यांचं बंद पडेल. तू माहितीच्या पानावर इशारा लिही ना, हवा तेवढा मोठा." मी लिहिला, ठळक अक्षरात. असले इशारे कोणी वाचत नाही. ते वाचण्यासाठी नसतातच, पुढे "आम्ही लिहिलं होतं" म्हणण्यासाठी असतात, आणि हे वाक्य म्हणणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे.

मग लॅबचे मालक. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. कंपनीने त्यांना गाठलं, पहिले काही महिने फुकट देऊ केले आणि सरांनी सेटिंगमधली ती एक ओळ स्वतःच्या हाताने बदलली. मला नंतर सांगितलं, तेही अभिमानाने. मी म्हटलं, सर, परत फिरवा. तर म्हणतात, "मॅडम, तुमच्याच लायब्ररीत आहे की ते. वाईट असतं तर तुम्ही ठेवलं असतं का?"

यावर काय बोलणार? माझ्या नावाची साक्ष काढून माझ्याच आक्षेपावर बोळा फिरवला. मी तरी बोलले. सर म्हणाले, "हंगाम तोंडावर आलाय, आता छेडछाड नको. सगळ्या मेल हिरव्या जातायत. पूर्वी रोज पाच-दहा लाल असायच्या."

हो ना. लाल उरलीच नव्हती, हीच तर काळजीची गोष्ट होती.

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात आला. एका सकाळी मी लॅबमध्ये पोचले तर काउंटरवर आवाज चढलेला. वणीच्या अलीकडच्या एका गावातली शेतकरीण होती, माझ्याच वयाची, डोक्याला रुमाल, पायात बूट. स्वतःचा पिकअप चालवत आली होती, किल्ली अजून हातात. समोर आमचा काउंटरवरचा माणूस, टाय लावून.

"मावशी, मेल गेलीय. हे बघा, हिरवं दिसतंय."

"मावशी नको म्हणू रे, तुझ्यापेक्षा केस काळे हायेत माझे. आन् हिरव्याचं काय करू मी? चाटू?"

"तुमच्या दुकानवाल्यांना विचारा ना एकदा."

"त्याला विचारूनच आले. दोनदा फोन केला तुला, दोनदा तू गेलीय म्हणाला. तो म्हणतो लॅबवाले पाठवत नाय, तू म्हणतो दुकानवाला बघत नाय. मी काय तुमच्या दोघांच्या मधला चेंडू हाय?"

मी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. बसली नाही. बागेचं सांगितलं. दोन प्लॉट होते. खालचा, विहिरीजवळचा, काढायला आलेला. दुसरा माळावरचा, मागाहून छाटलेला, त्याचा नमुना नुकताच आमच्याकडे आला होता. खालच्या प्लॉटसाठी एक्स्पोर्टर रोज फोन करत होता, रिपोर्ट द्या, टोळी तयार आहे. आणि हिला रिपोर्ट मिळत नव्हता.

"दुकानवाला" हा काय प्रकार आहे, ते सांगायला हवं. गावात औषधं-खतांचं एक दुकान आहे, कृषी सेवा केंद्र. गावातले बहुतेक बागायतदार नमुन्याच्या अर्जावर त्या दुकानाचाच मेल पत्ता देतात. मोबाईल घेताना मोबाईलवाल्याने प्रत्येकाला मेल पत्ता काढून दिलेला असतो खरा, पण त्याचा पासवर्ड त्या मोबाईलवाल्याकडेच राहतो. मग कोण भानगडीत पडणार? गावातल्या औषधाच्या दुकानात संगणक आहे, प्रिंटर आहे आणि औषध घ्यायला रोज जाणं होतंच. तिथे रिपोर्ट येतो, दुकानवाला एक्स्पोर्टरला पुढे पाठवतो, एक प्रत छापून हातात देतो. जिल्ह्यात अशी कितीतरी गावं आहेत. मला यात काही गैर वाटत नाही. आपल्याकडे हे असंच चालतं आणि नीट चालतं.

मी त्या दुकानाला साधी चाचणीची मेल टाकली. हिरवी. दुकानवाल्याला फोन लावला. काहीही आलं नव्हतं. पुन्हा टाकली. पुन्हा हिरवी.

"तुम्ही लॅबच्या मेलचं काही केलंत का मधे?" मी विचारलं.

"काय करणार? रिपोर्ट आला की पाठवतो. बरेच दिवसांत आलेच नाय." मग म्हणाला, "जाहिरात बंद केली तेवढी."

"कसली जाहिरात?"

"तुमचीच की! माती तपासा, पाणी तपासा, सवलत घ्या. रोज उठून तेच. वैताग आला. मग त्यावर ते स्पॅमचं बटन असतंय ना, ते दाबलं. लगेच बंद झाली. लय बरं झालं."

मी सरांच्या केबिनच्या काचेकडे बघितलं. फुकट मिळालेल्या सेवेवरून जाहिराती पाठवायची कल्पना कोणाची, हे विचारायची गरज नव्हती.

कंपनीच्या मदतकेंद्रावर यंत्र बोलत होतं. ते सारखं "मी तुमची अडचण समजू शकतो" म्हणत होतं. शेवटी त्या मराठी मुलीचा नंबर शोधून लावला. तिने बघून सांगितलं. दुकानवाल्याने एका मेलची तक्रार केल्याबरोबर कंपनीने तो पत्ता कायमचा बंद केला होता. त्यानंतर त्या पत्त्यावर लॅबने पाठवलेली प्रत्येक मेल कंपनी घेत होती, "मिळाली" म्हणून आम्हाला कळवत होती आणि पुढे पाठवतच नव्हती.

"मॅम, हे रिसीव्हरच्याच भल्यासाठी आहे. त्यांना त्रास नको म्हणून."

"त्यांना जाहिरात नको होती. रिपोर्ट हवा होता."

"सिस्टिमला दोन्ही सारखंच."

"आणि आम्हाला कधी कळवलंत?"

"डॅशबोर्डवर तेव्हाच आलंय, मॅम. अकाउंट ओनरला."

अकाउंट ओनर म्हणजे सर, आणि सरांनी तो डॅशबोर्ड पहिल्या दिवशी कौतुकाने उघडला होता तेवढाच.

"आता उघडा तो पत्ता."

"ओनरनी रिक्वेस्ट टाकली की आमची टीम रिव्ह्यू करेल."

शेजारी ती शेतकरीण उभी होती. फोन स्पीकरवर होता, तिने सगळं ऐकलं. म्हणाली, "हिला म्हणावं, बागेत ये रिव्ह्यू करायला."

मी फोन ठेवला, सेटिंगमधली ओळ पूर्वीसारखी केली आणि रिपोर्ट जुन्या वाटेने पाठवला. थेट. दुकानवाल्याचा फोन आला, "आली, आली, लगेच पुढं टाकतो." शेतकरणीने तिथल्या तिथे एक्स्पोर्टरच्या माणसाला फोन लावला. तोही स्पीकरवर. माणूस वाईट नव्हता.

"ताई, कालच टोळी पिंपळगावकडं लावली. कंटेनर भरला त्यांच्याच मालावर. मी किती वाट बघितली सांगा. आता पुढची गाडी लागेस्तोवर खालचा प्लॉट राहील का?"

"नाय राहणार," ती म्हणाली. "मऊ पडायला लागलाय."

"मग लोकलला द्या. माळावरच्याचा रिपोर्ट येऊ द्या वेळेत, तो मी उचलतो. पण वेळेत, ताई. पुढची गाडी शेवटची हाय माझी."

तिने फोन पदराने पुसला आणि माझ्याकडे बघितलं. "हे हिरवं कोणी बनवलं?"

"मी बनवलं होतं. त्यात कंपनीने हात घातला."

"कंपनीला मी ओळखत नाय. तुम्ही समोर हायेत. माझा माळावरचा प्लॉट तुमच्याकडं हाय." आणि किल्ली फिरवत निघून गेली. खालचा प्लॉट लोकल व्यापाऱ्याला गेला. त्याची भरपाई कोणी दिली नाही. कंपनीने नाही, लॅबनेही नाही. कंपनीने फक्त, आमच्या सेवेबद्दल तुमचा अनुभव कसा होता, हे विचारणारी एक मेल पाठवली. ती मात्र पोचली.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, एका पत्त्यासाठी सगळी व्यवस्था बदलायची का? मी म्हटलं, तो एक पत्ता म्हणजे एक गाव आहे, आणि अशी गावं आणखी किती आहेत ते तुमच्या डॅशबोर्डवर बघा. त्यांनी उघडला. बघत राहिले. तीन-चार दुकानांचे पत्ते बंद होते. त्या सगळ्यांना काउंटरवरच्या माणसाने दिवसभर बसून रिपोर्ट पाठवले आणि शिव्या खाल्ल्या. सरांनी ओळ पुन्हा बदलली नाही. जाहिराती बंद झाल्या. माफी वगैरे कोणी मागितली नाही, पण चहा मागवला.

लॅबचं झालं. लायब्ररीचं राहिलं होतं. तीच जोडणी, तीच खोटी खूण, ती वापरणाऱ्या सगळ्यांकडे तशीच होती. त्यांच्यापैकी कोणाकडे द्राक्षं असतील, कोणाकडे दवाखान्याचे रिपोर्ट. मी पुण्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला,

"पण अख्ख्या गावाने एक पत्ता वापरायचा, हा कुठला प्रकार? हा तर वापरणाऱ्यांचा दोष झाला."

इथे माझा तोल गेला.

"तुझ्या सोसायटीत कुरियर कोण घेतं?"

"वॉचमन. का?"

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"मग एका फ्लॅटने एका जाहिरातीची तक्रार केली म्हणून कुरियरवाल्याने सगळ्या सोसायटीचं टपाल नाल्यात टाकायचं, आणि पावतीवर पोचलं म्हणून शिक्का मारायचा. चालेल? की तो वॉचमनचा दोष?"

"नाल्यात टाकतात असं काही नसणार गं."

"मग कुठे टाकतात?"

त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. कंपनीबाहेरचं कोणीच आत बघू शकत नव्हतं, आणि तरी आमचा कोड छातीठोकपणे हिरवी खूण लावत होता. तो म्हणाला, "काढलीस तर लोक तुटून पडतील तुझ्यावर." मी म्हटलं, पडू देत.

मी जोडणी बाहेर काढली. पुसून टाकली नाही, वेगळी केली. तुमची सेवा, तुमचा कोड, तुमच्याच दारात ठेवा, ज्याला हवी तो तुमच्याकडून नेईल. आणि बाहेरून येणारी कुठलीही जोडणी स्वतःला हिरवी खूण लावून घेऊ शकणार नाही, अशी सोय मूळ कोडमध्येच करून टाकली. समोरच्याने घेतल्याचं उत्तर दाखवा, मग हिरवी. नाहीतर पिवळी.

कंपनीतल्या मुलीचा फोन आला. "मॅम, वेगळी ठेवली तर ती कोणाला सापडणारच नाही."

"हेच ना? माझी लायब्ररी कशासाठी हवी होती ते आता कळलं मला."

ती हळूच म्हणाली, "पिवळ्याचं मी आत बोलून बघते." तिला दोष देऊन उपयोग नाही. नोकरी करते बिचारी.

लोक खरंच तुटून पडले. चर्चेच्या पानावर जगभरातून. निम्म्यांची कामं खोळंबली होती, त्यांचा राग मी समजू शकते, त्यांना मी एकेकाला उत्तर दिलं, काय बदलायचं ते लिहून दिलं. पण एकाने लिहिलं की हा निर्णय भावनेच्या भरात घेतलेला दिसतो. नावावरून त्याने ओळखलं असणार बाई आहे. मी कोडची ओळ दाखवली होती, कंपनीचं उत्तर दाखवलं होतं, पत्ता कसा बंद झाला ते टप्प्याटप्प्याने लिहिलं होतं. यात भावना कुठे होती? मेल गेली नसताना गेली असं मानून चालणाऱ्यांना आपण व्यवहारी वाटतो आणि गेली का ते तपासणारी बाई भावनाप्रधान! मी त्याला उत्तर दिलं नाही. देण्यासारखं पुष्कळ होतं.

पुण्याचा सहकारी म्हणाला, मी थोडे दिवस बाजूला राहतो. राहू दे. येईल तेव्हा येईल. त्याच्या वाट्याचं काम सध्या मीच करते आणि चिडचिड करत करते.

मधल्या काळात माळावरच्या प्लॉटची तपासणी पूर्ण झाली. रिपोर्ट स्वच्छ आला. काउंटरवरच्या माणसाने तो पाठवला तेव्हा मी मागे उभी होते. खूण हिरवी झाली. तो म्हणाला, "मॅडम, आता तरी बसा." मी बसले नाही. दुकानाला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, एंगेज. मग शेतकरणीलाच लावला. बराच वेळ वाजला.

"कोण?"

"लॅबमधून बोलतेय. माळावरच्या प्लॉटचा रिपोर्ट पाठवलाय आत्ता. मिळाला का, तेवढं—"

"मिळाला की. एक्स्पोर्टरलाबी गेला. टोळी खालच्या गावातच होती, निघाली लगेच, आता बांधावर चढतीय. मॅडम, बोलायला वेळ नाय मला." तेवढ्यात तिचं तोंड फोनपासून बाजूला झालं. "ओ, ते क्रेट उन्हात नका ठेवू! सावलीला घ्या, सावलीला!"

ती फोन बंद करायला विसरली होती. क्रेट आपटल्याचे आवाज, कात्र्या, कोणाचं तरी हसणं, मग पुन्हा तिचा दरडावणारा आवाज येत राहिला. मी थोडा वेळ ऐकलं आणि माझ्याकडून फोन बंद केला.